वृषणनिर्धारक जीन

सस्तन प्राण्यांच्या गर्भातील अविभेदित (नर वा मादी असे स्वरूप अद्याप न आलेल्या) जनन ग्रंथीचे वृषणात रूपांतर होण्यास चालना देणारा जीन (आनुवंशिक लक्षणे निदर्शित करणारा घटक). हा जीन वाय गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतो. ‘वाय गुणसूत्रावरील लिंगनिर्धारक क्षेत्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यास एसआरवाय असे नाव पडले आहे. त्याच्यापासून तयार होणारे प्रथिन हा एक प्रतिलेखन घटक आहे, म्हणजे ते डीएनएच्या ठराविक जागी चिकटून दुसऱ्या जीनांचे कार्य सुरू करते किंवा त्याचा वेग बदलते.

मानवात स्त्रीच्या कोशिकांमध्ये दोन एक्स आणि पुरुषाच्या कोशिकांमध्ये एक एक्स व एक वाय अशी लिंग-गुणसूत्रे असतात. प्रत्येक अंडाणूत एक्स गुणसूत्रच असते. शुक्राणूंपैकी सुमारे निम्म्यांत एक्स व उरलेल्यांत वाय असते. त्यामुळे एसआरवाय जीन अपत्यास केवळ पित्याकडून मिळतो. मुलीच होतात म्हणून सुनेस दोष देण्याची जी रीत आपल्या समाजात दीर्घकाळ चालत आली आहे, तिला जीवविज्ञानात कोणताही आधार नाही. अर्थात कोणता शुक्राणू अंडाणूपर्यंत पोहोचावा हे पित्याच्याही हाती नसते.

या जीनच्या शोधानंतर ‘पुरुषत्वाचा जीन’ असे त्याचे वर्णन सर्रास होऊ लागले. ते दिशाभूल करणारे आहे. एसआरवाय ही एका लांब साखळीची पहिली कडी असून तिच्यापुढील कड्या इतर गुणसूत्रांवर विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी कोणतीही निखळली, तर वाय गुणसूत्र असूनही वृषण तयार होत नाही. उलट पुढची एखादी कडी आपोआप कार्यान्वित झाली, तर वाय गुणसूत्र नसतानाही वृषण तयार होतो.

अविभेदित जनन ग्रंथी : मानवी गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास उदरपोकळीच्या मागील भित्तीवर, आद्य मूत्रपिंडालगत, दोन उंचवटे दिसू लागतात. यांस जनन-कटक म्हणतात. पीतक कोशाच्या भित्तीत उगम पावलेल्या आद्य जनन कोशिका स्थलांतर करून या कटकांत शिरतात. या अवस्थेत मुलगा व मुलगी यांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकानेही भेद करता येत नाही. गर्भात दोन्ही प्रकारच्या नलिकांच्या जोड्याही हजर असतात : म्यूलरनलिका, ज्यांपासून पुढे अंडवाहिन्या व गर्भाशय बनतात आणि वुल्फनलिका, ज्यांपासून अधिवृषण व शुक्रवाहिन्या बनतात. शरीरातील बहुतेक अवयवांचे आद्यांग एकाच अवयवात परिणत होते. हृदयाच्या आद्यांगापासून हृदयच बनते. एकाच आद्यांगापुढे दोन वाटा खुल्या असणे हे जनन ग्रंथीचे वैशिष्ट्य आहे आणि म्हणूनच विकासविज्ञानात तिला इतके महत्त्व आले.

हे कटक उभे राहण्यासाठीही डब्ल्यूटी-१, एसएफ-१ आणि गाटा-४ हे प्रतिलेखन घटक आवश्यक असतात. ते दोन्ही लिंगांत कार्य करतात आणि नर गर्भात एसआरवायला जागे करण्याचे कामही मुख्यतः तेच करतात. म्हणजे साखळीच्या पहिल्या कडीमागेही काही कड्या आहेत.

शोधाचा इतिहास : नेटी स्टीव्हन्झ आणि ई. बी. विल्सन यांनी १९०५ मध्ये कीटकांतील लिंग-गुणसूत्रांचा लिंगाशी असलेला संबंध स्वतंत्रपणे दाखवून दिला. तथापि सस्तन प्राण्यांत निर्णायक भूमिका वाय गुणसूत्राची की एक्स गुणसूत्रांच्या संख्येची, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ अनिर्णित राहिला. फळमाशीत एक्स गुणसूत्रांची संख्या महत्त्वाची ठरल्याने मानवातही तसेच असावे, असा समज होता. १९५९ मध्ये दोन एक्स व एक वाय गुणसूत्र असलेल्या व्यक्ती पुरुष असतात आणि एकच एक्स गुणसूत्र असलेल्या व्यक्ती स्त्रिया असतात, असे आढळले आणि वाय गुणसूत्राचे महत्त्व निश्चित झाले.

तत्पूर्वीच फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड झोस्ट यांनी सशाच्या गर्भावर केलेल्या शस्त्रक्रियांतून वेगळा पण तितकाच मूलभूत निष्कर्ष काढला होता. मादीच्या गर्भाशयातील पिलांच्या जनन ग्रंथी, त्यांचा विकास होण्यापूर्वीच, त्यांनी काढून टाकल्या. तेव्हा अशी सर्व पिले, त्यांची गुणसूत्रे कोणतीही असोत, मादीच्या शरीररचनेची निपजली. यावरून गुणसूत्रे केवळ जनन ग्रंथीचे भवितव्य ठरवितात आणि शरीराच्या पुढील घडणीचे काम वृषणाची स्रवणे करतात, हे स्पष्ट झाले. म्हणूनच ‘लिंगनिर्धारक’पेक्षा ‘वृषणनिर्धारक’ ही संज्ञा अधिक काटेकोर आहे.

वाय गुणसूत्रावरील नेमक्या जीनचा शोध मात्र वाकड्यातिकड्या वाटांनी झाला. १९७५ च्या सुमारास एच-वाय नावाचे एक प्रतिजन हेच वृषणनिर्धारक असल्याचे प्रतिपादन करण्यात आले व ते जवळजवळ दशकभर मान्य होते. १९८४ मध्ये हे प्रतिजन नसलेल्या परंतु वृषण असलेल्या उंदरांमुळे ते मागे पडले. १९८७ मध्ये डेव्हिड पेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेडएफवाय हा जीन पुढे केला; परंतु तो नसूनही वृषण असलेले पुरुष १९८९ मध्ये आढळले आणि हाही दावेदार बाद झाला.

या शोधात एका भारतीय शास्त्रज्ञाचे कार्य उल्लेखनीय आहे. लालजी सिंग (१९४७–२०१७) यांनी पट्टेरी मण्यार या विषारी सापाच्या मादीतील डब्ल्यू या लिंग-गुणसूत्रावर पुनरावृत्त डीएनएचा एक विशिष्ट गट शोधून काढला होता. एडिंबरो येथे के. डब्ल्यू. जोन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांना हाच गट उंदराच्या वाय गुणसूत्रावरही केंद्रित झालेला आढळला. उंदरांच्या एका वंशात दोन एक्स गुणसूत्रे असूनही नर निपजत असत. या नरांत वाय गुणसूत्राचा एक तुकडा एक्स गुणसूत्रावर गेलेला असतो, हे सिंग व जोन्स यांनी सापाच्या याच डीएनएचा शोधक म्हणून उपयोग करून १९८२ मध्ये दाखविले. सापातील हा डीएनए स्वतः वृषणनिर्धारक नव्हता, पण त्याने शोधाचे क्षेत्र आकुंचित केले. सिंग पुढे हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचे संचालक झाले.

अखेर १९९० मध्ये लंडन येथील पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी हा जीन मानवात व उंदरात ओळखला. मानवी जीनचे वर्णन करणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक अँड्र्यू सिंक्लेअर हे होते. दोन एक्स गुणसूत्रे असलेल्या काही पुरुषांत वाय गुणसूत्राचा केवळ ३५,००० क्षारक-जोड्यांचा तुकडा आढळला होता व त्यातच हा जीन दडलेला होता. पुढच्याच वर्षी पीटर कूपमन व सहकाऱ्यांनी हा जीन सामावणारा १४,००० क्षारक-जोड्यांचा डीएनए-खंड उंदराच्या एक्स-एक्स गर्भात घातला. त्या पिलात वृषण तयार झाले व ते नर म्हणून वाढले. मात्र ते वंध्य होते, कारण शुक्राणुनिर्मितीस लागणारे वाय गुणसूत्रावरील इतर जीन त्यात नव्हते.

रचना व कार्य : मानवी एसआरवाय प्रथिन २०४ ॲमिनो अम्लांचे आहे. त्याच्या मध्यभागी सुमारे ७९ ॲमिनो अम्लांचा एक पट्टा असून तोच डीएनएला चिकटतो. चिकटताना तो डीएनएच्या सर्पिलास ठळक बाक देतो. दोरी दुमडली असता तिची दूरची दोन टोके जशी जवळ येतात, तसे या बाकामुळे डीएनएवर दूरदूर बसलेले घटक एकत्र येत असावेत. एसआरवायची बहुतेक रोगकारक उत्परिवर्तने याच पट्ट्यात आढळतात. पट्ट्याबाहेरील भाग मात्र निरनिराळ्या सस्तन प्राण्यांत इतका भिन्न आहे की, एकाच जीनची ही रूपे आहेत हे प्रथमदर्शनी पटू नये. उंदरातील हा जीन तीस वर्षे अभ्यासला जात असूनही त्याचा एक दडलेला भाग २०२० मध्ये जपानी संशोधकांना सापडला आणि उंदरात वृषणनिर्धारणाचे काम तो भाग असलेले प्रथिनच करते, असे दिसून आले.

एसआरवायचे मुख्य लक्ष्य म्हणजे सॉक्स-९ हा जीन. तोही प्रतिलेखन घटक तयार करतो. पण तो मानवात १७ व्या गुणसूत्रावर असतो, म्हणजे स्त्री व पुरुष या दोहोंत सारखाच असतो. नर गर्भाच्या जनन-कटकातील आधारक कोशिकांत एसआरवाय व एसएफ-१ मिळून सॉक्स-९ चे प्रमाण वाढवितात. त्यासाठी ते सॉक्स-९ जीनपासून दूर असलेल्या नियामक डीएनए-खंडांवर बसतात. असा एक खंड उंदरात जीनपासून पाच लाखांहून अधिक क्षारक-जोड्या दूर असून त्याची लांबी ५५७ क्षारक-जोड्या आहे. २०१८ मध्ये तो काढून टाकल्यावर एसआरवाय जीन शाबूत असलेल्या एक्स-वाय उंदरांतही अंडाशय तयार झाले. उलटपक्षी एक्स-एक्स उंदरात सॉक्स-९ कृत्रिम रीतीने चालू केल्यास एसआरवायविना वृषण बनतो, हे २००१ मध्येच सिद्ध झाले होते.

सॉक्स-९ एकदा पुरेशा प्रमाणात निर्माण झाला की, तो स्वतःचीच निर्मिती चालू ठेवतो. शिवाय एफजीएफ-९ हे वृद्धिकारक प्रथिन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे द्रव्य यांच्या द्वारे शेजारच्या कोशिकांनाही तो त्याच मार्गावर आणतो. या कोशिका सेर्टोली कोशिका बनतात, जनन कोशिकांभोवती कडे करतात आणि त्यांतून वृषण-रज्जू तयार होतात. सेर्टोली कोशिका म्यूलरनलिका-रोधक हॉर्मोन स्रवतात व त्यामुळे म्यूलरनलिका विरून जातात. त्यांच्या संकेतांनी रज्जूंबाहेर लायडिख कोशिका तयार होतात. लायडिख कोशिकांच्या टेस्टोस्टेरोनामुळे वुल्फनलिका टिकतात व बाह्य जननेंद्रियांना पुरुषी रूप येते.

एसआरवायचे काम अल्पकाळाचे असते. उंदरात तो गर्भाच्या साधारण साडेदहाव्या दिवशी जागृत होतो, साडेअकराव्या दिवशी शिखर गाठतो व साडेबाराव्या दिवशी जवळजवळ थांबतो. यातही निर्णायक अवधी केवळ सहा तासांच्या आसपास असल्याचे प्रयोगांत दिसले आहे. त्यानंतर जीन चालू केल्यास उशीर झालेला असतो, कारण तोवर अंडाशयाची यंत्रणा जोर धरते. मानवात तो गर्भाच्या सुमारे ४१ व्या दिवशी दिसू लागतो. मात्र मानवात तो पुढेही पूर्ण नाहीसा होत नाही. मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील दीपक मोदी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसआरवायच्या आरएनए प्रती मानवी वृषणात, तसेच शुक्राणूंतही आढळल्या.

अंडाशयाची वाट ही वृषणाच्या अभावी आपोआप घडणारी गोष्ट आहे, अशी समजूत झोस्ट यांच्या प्रयोगांनंतर बरीच वर्षे रूढ होती. ती आता मागे पडली आहे. मादी गर्भात डब्ल्यूएनटी-४, आरएसपीओ-१ आणि फॉक्सएल-२ हे जीन सक्रियपणे अंडाशय घडवितात व सॉक्स-९ ला दाबून ठेवतात. हा संघर्ष जन्माबरोबर संपतही नाही. २००९ मध्ये प्रौढ मादी उंदराच्या अंडाशयातील फॉक्सएल-२ काढून टाकल्यावर तेथील कोशिका सेर्टोलीसारख्या बनल्या. २०११ मध्ये नर उंदराच्या वृषणातील डीएमआरटी-१ हा जीन काढल्यावर उलट बदल घडला. वृषण व अंडाशय यांस आपले स्वरूप आयुष्यभर राखावे लागते, असा याचा अर्थ होतो.

इतर सस्तन प्राणी : पिशवीवाल्या (शिशुधान) व अपरास्तनी सस्तन प्राण्यांत एसआरवाय असतो, अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये तो नाही. जपानच्या अमामी बेटावरील एका काटेरी उंदराच्या जातीत वाय गुणसूत्रच नष्ट झाले आहे, तरी नर व मादी निपजतात. त्या नरांत सॉक्स-९ च्या जवळील सुमारे १७,००० क्षारक-जोड्यांचा खंड दुप्पट झालेला असल्याचे २०२२ मध्ये आढळले. पहिली कडी गेली तरी दुसरी कडी ओढण्याची सोय निसर्गाने अन्य मार्गाने केली.

पशुपालकांच्या परिचयाचे एक उदाहरण गाईंचे आहे. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा (नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा) वांझ निघते. तिच्यात एसआरवाय जीन वारशाने आलेला नसतो. परंतु दोन्ही गर्भांच्या वारेतील रक्तवाहिन्या जुळलेल्या असल्याने भावाच्या वृषणातील म्यूलरनलिका-रोधक हॉर्मोन तिच्या शरीरात पोहोचते, तिचे गर्भाशय नीट घडत नाही आणि अंडाशयाची वाढही खुंटते. शेजारच्या गर्भातील सॉक्स-९ ची ही करामत होय. अशा कालवडीच्या रक्तात भावाच्या कोशिकाही मिसळलेल्या असतात. म्हणून तिच्या रक्तातील वाय गुणसूत्राच्या डीएनएची तपासणी करून ती वांझ निघणार काय, हे आधीच सांगता येते व तिच्या संगोपनाचा वाया जाणारा खर्च टळू शकतो.

विकृती : पित्याच्या शुक्राणुनिर्मितीच्या वेळी एक्स व वाय गुणसूत्रे आपल्या टोकांची अदलाबदल करतात. एसआरवाय या अदलाबदलीच्या सीमेच्या अगदी लगत असल्याने क्वचित तो चुकून एक्स गुणसूत्रावर जातो. असे एक्स गुणसूत्र मिळालेल्या अपत्यास दोन एक्स गुणसूत्रे असूनही वृषण असतात. असे पुरुष सुमारे २०,००० पुरुषांत एक या प्रमाणात आढळतात. ते दिसण्यात सामान्य पण वंध्य असतात व मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच पुष्कळदा हे उघडकीस येते.

याउलट, एक्स-वाय गुणसूत्रे असून वृषण न बनल्यास मुलगी जन्मते. तिला गर्भाशय असते, पण जनन ग्रंथींच्या जागी केवळ तंतुमय पट्ट्या असतात. ब्रिटिश वैद्य स्वायर यांनी १९५५ मध्ये अशा स्त्रियांचे वर्णन केले. सोळा-सतरा वर्षांची होऊनही मुलीस पाळी येत नाही, म्हणून घरचे तिला डॉक्टरकडे आणतात आणि तेव्हा निदान होते. यांपैकी सुमारे १० ते १५ टक्के स्त्रियांतच एसआरवायचे उत्परिवर्तन सापडते. इतरांत दोष साखळीत अन्यत्र असतो. या पट्ट्यांत अर्बुद (गाठ) होण्याचा धोका मोठा असल्याने त्या शस्त्रक्रियेने काढून टाकतात. हॉर्मोन-उपचारांनी पाळी आणता येते आणि दात्या स्त्रीच्या अंडाणूच्या साहाय्याने अशा स्त्रीस गर्भधारणाही होऊ शकते. लग्न ठरविण्याच्या वयात हे निदान मुलीच्या कानी कोणत्या शब्दांत पडते, यावर तिचे पुढील आयुष्य बरेचसे अवलंबून असते. ‘तू खरे तर पुरुष आहेस’ असे सांगणे क्रूर तर आहेच, शिवाय शास्त्रदृष्ट्या चुकीचेही आहे.

सॉक्स-९ च्या दोन प्रतींपैकी एक बिघडल्यास हाडे वाकडी होणारा एक गंभीर विकार होतो, कारण कूर्चेच्या घडणीसही हाच जीन लागतो. या विकाराच्या एक्स-वाय बालकांपैकी दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश बालकांची जननेंद्रिये स्त्रीची किंवा संदिग्ध असतात.

जपानमधील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाभण मादी उंदरांत लोहाची तीव्र न्यूनता निर्माण केल्यावर त्यांच्या काही एक्स-वाय पिलांत अंडाशय तयार झाले. एसआरवायभोवतीची डीएनएची घट्ट बांधणी सैल करणाऱ्या एंझाइमास लोह लागते, हे त्याचे कारण होय. आपल्याकडे गरोदर स्त्रियांत रक्तक्षय फार आढळतो, म्हणून या निष्कर्षाची चर्चा होणे साहजिक आहे. परंतु हे प्रयोग उंदरांवरील आहेत आणि त्यांवरून मानवी गर्भाविषयी अनुमान काढता येत नाही.

चाचणी व तिचा वापर : रक्ताच्या किंवा गालाच्या आतील कोशिकांच्या नमुन्यातून एसआरवायची चाचणी काही तासांत करता येते. चाचणी सोपी असल्यामुळेच तिच्यावर नको तितका भार टाकला गेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिक सामन्यांत ३,३८७ महिला खेळाडूंच्या तपासणीत आठ जणींत हा जीन आढळला. त्यांपैकी सात जणींचे शरीर टेस्टोस्टेरोनास पूर्णतः किंवा अंशतः दाद देत नव्हते, म्हणजे साखळीची पहिली कडी होती पण शेवटची नव्हती. आठवीत टेस्टोस्टेरोनाचे अधिक प्रभावी रूप बनविणाऱ्या एंझाइमाची न्यूनता होती. आठही जणींना खेळू देण्यात आले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये ही सरसकट तपासणी बंद केली. मात्र जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटातील जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून एसआरवाय चाचणी पुन्हा सक्तीची केली. त्या वेळी स्वतः सिंक्लेअर यांनी जाहीर आक्षेप घेतला. जीन आहे एवढेच ही चाचणी सांगते. तो कार्य करतो का, वृषण बनला का, टेस्टोस्टेरोन निर्माण होते का आणि शरीर त्याला प्रतिसाद देते का, यांपैकी काहीही तिच्यावरून कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात या चाचणीचा वेगळाच धोका आहे. गर्भाचा थोडा डीएनए मातेच्या रक्तात उतरतो, हे १९९७ मध्ये सिद्ध झाल्यापासून मातेच्या रक्ताच्या नमुन्यातून वाय गुणसूत्राचा डीएनए हुडकून गर्भाचे लिंग सातव्या आठवड्याच्या सुमारासही कळू शकते. त्यासाठी सोनोग्राफीची गरज नाही. प्रसवपूर्व लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य (१९८८). त्यानंतर केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून अंमलात आला व २००३ मधील दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरी राज्यातील शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. कायद्यान्वये कोणत्याही तंत्राने गर्भाचे लिंग ठरविणे व ते कळविणे हा गुन्हा आहे. रक्ताची चाचणीही त्याला अपवाद नाही. लिंगसंलग्न आनुवंशिक रोगांच्या निदानासाठी नोंदणीकृत केंद्रांत प्रसवपूर्व तपासणी करण्यास मुभा आहे. गर्भवती स्त्रीने अशी चाचणी करून घेतली असल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, ती पतीच्या किंवा नातेवाइकांच्या दडपणाखाली केली असे कायदा गृहीत धरतो.

[→ गुणसूत्र, जनन तंत्र, लिंग, वृषण, हॉर्मोने].